रिलॅप्स : दुखणे उलटणे

बरा होत आलेला किंवा बरा झालेला आजार त्याच रोग्यात पुन्हा डोके वर काढतो, त्याला इंग्रजीत रिलॅप्स म्हणतात. मराठीत दुखणे उलटले, ताप उलटला. इंग्रजीत हा शब्द नाम आणि क्रियापद असा दोन्ही चालतो. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ मागे घसरणे. मध्ययुगीन युरोपात चर्च हा शब्द पाखंडाकडे परत वळलेल्यांसाठी वापरी. जोन ऑफ आर्कला १४३१ मध्ये याच आरोपावरून जाळले. त्यातला दोषाचा सूर अजून पुरता गेलेला नाही. सुटलेली दारू पुन्हा सुरू झाली की आजाराच्या आधी माणसाच्या चारित्र्याची चर्चा होते.

वैद्यकात उलटणे आणि नव्याने लागण होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. हिवतापात हा भेद स्पष्ट दिसतो. व्हायव्हॅक्स जातीचे परजीवी रक्तातून गेले तरी त्यांची सुप्त रूपे यकृतात राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, नवा डास न चावताही, ताप परत येतो. ही सुप्त रूपे १९८० च्या सुमारास प्रथम दिसली. त्यांच्यासाठी क्लोरोक्विनबरोबर चौदा दिवस प्रायमाक्विन घ्यावे लागते. तिसऱ्या दिवशी अंग थंड पडले की माणूस मजुरीला निघतो आणि उरलेल्या गोळ्या घरातच राहतात. गरोदर स्त्रिया, तान्ही मुले आणि जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असलेले लोक यांना मात्र प्रायमाक्विन सरसकट देता येत नाही.

उलटणे ज्याच्या नावातच आहे असा एक ताप मुंबईने पाहिला आहे. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमधून उपाशी माणसे मुंबईत आली आणि १८७७ मध्ये शहरात उलटणाऱ्या तापाची साथ पसरली. काही दिवस ताप, मग उतार, मग पुन्हा ताप. ग्रँट मेडिकल कॉलेजातील हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी रोग्यांच्या रक्तातले मळसूत्री जंतू दाखवले आणि १८८२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्याच्या शीर्षकातच या तापाला दुष्काळी ताप असे दुसरे नाव दिलेले आहे.

भूक आणि स्थलांतर यांची ही जोडी पालघर जिल्ह्याच्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत आजही आहे. इथे उलटते ते मुलांचे कुपोषण. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी, उंचीच्या मानाने वजन फारच कमी किंवा दोन्ही पायांवर सूज, यांपैकी काहीही आढळले तर मूल तीव्र कुपोषित, कर्मचाऱ्यांच्या भाषेत ‘सॅम’, धरतात. त्याला गावातल्या ग्राम बालविकास केंद्रात किंवा, सोबत आजार असेल तर, पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवून आहार व औषधे देतात. वजन वाढते, मूल घरी जाते. तेच मूल पुन्हा सॅममध्ये आले की ते रिलॅप्स.

हे का घडते, ते वर्षाच्या चक्रात पाहावे. भातकापणी आणि दिवाळी झाली की वारली, कातकरी, दुबळा कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. कुणी भिवंडी-वसईकडे, कुणी सीमा ओलांडून गुजरातेत. बरेच पुरुष सौराष्ट्राच्या मासेमारी बोटींवर खलाशी होतात. आई पहाटेपासून चिखल-विटांत, मूल भट्टीच्या कडेला. गावातली अंगणवाडी मागे राहते आणि तिच्याबरोबर अमृत आहार योजनेतली अंडी-केळीही. पावसाच्या तोंडावर कुटुंब परतते तेव्हा हातात फारसे पैसे नसतात, साठवणीचा तांदूळ नसतो, आणि आषाढ-श्रावणात जुलाब व ताप सुरू होतात. जुलाबाने अन्न अंगी लागत नाही, अशक्त मुलाला पुढचा आजार लवकर धरतो. पुनर्वसन केंद्रातून सुटलेल्या मुलाच्या फेरतपासण्या नियमात आहेत. पण तपासणीच्या तारखेला घराला कुलूप असेल तर सेविका वजन कुणाचे करणार? स्थलांतरित माता-बालकांची नोंद ठेवायला महाराष्ट्राने ॲप आणले आहे. भट्टीजवळची अंगणवाडी त्या नोंदीवरून मुलाच्या ताटात वाढते की नाही, यावर ॲपचा उपयोग ठरेल.

अंगणवाडीची कल्पनाच डहाणू तालुक्यात रुजली, म्हणून अंगणवाडीचे हे मागे राहणे मनाला अधिक लागते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार होता. आज त्या मुलाचे अंगण सहा-सात महिने भट्टीवर असते.

उलटलेल्या कुपोषणाचा ठपका आईवर ठेवणे चूक आहे. केंद्रात तिच्या मुलाला मिळालेले अन्न, स्वच्छ पाणी आणि निगा भट्टीवर मिळत नाही, इतकेच त्याचे कारण. मूल एक स्थलांतर आणि एक पावसाळा पार करेपर्यंत नोंदवहीत त्याच्यापुढे ‘बरे झाले’ असा शेरा मारू नये.