नाव बदललेला बँड

१९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ सुरू झाला, तेव्हा रॉकच्या श्रोत्यांना परदेशी बँडचीच गाणी हवी असायची. ओळखीचं गाणं वाजलं की टाळ्या हमखास. यांनीही सुरुवातीला तेच वाजवलं, मग हट्टानं स्वतःची गाणी लिहिली. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम आला. भाषा इंग्रजीच, पण गाणी स्वतःची. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं धाडस हेच.

१९९३ मध्ये त्यांनी गाजलेलं नाव सोडलं आणि ते ‘इंडस क्रीड’ झाले. नाव बदललं तरी जुनं तोंडातून लवकर जात नाही, हे आम्हा धाराशिवकरांना कुणी सांगायला नको! १९९५ च्या अल्बममध्ये भारतीय वाद्यंही आली. पण तोवर टीव्ही हिंदी पॉपकडे वळला होता. १९९७ ला बँड थांबला.

२०१० मध्ये उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बास आणि ड्रम्सवर नवी पोरं घेतली. १७ वर्षांनी, २०१२ मध्ये, पुढचा अल्बम निघाला: ‘इव्हॉल्व्ह’. त्यातही गाणी स्वतःचीच.