वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे विमानमार्ग

वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे विमानमार्ग हा स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहातील वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे या दोन बेटांना जोडणारा हवाई मार्ग आहे. दोन्ही विमानतळांमधील अंतर केवळ २.७ कि.मी. असून हा जगातील सर्वांत कमी अंतराचा नियोजित प्रवासी विमानमार्ग मानला जातो. गिनेस जागतिक विक्रमांत त्याची नोंद आहे.

इतिहास

या मार्गावरील सेवा लोगनएर या स्कॉटिश विमान कंपनीने १९६७ साली सुरू केली. ऑर्कनीची राजधानी कर्कवॉल येथून निघणारे विमान या दोन बेटांवर उतरून कर्कवॉलला परतते. त्या फेरीतीलच हा एक टप्पा आहे. केवळ तिकीटविक्रीवर ही सेवा चालणे शक्य नसल्याने ऑर्कनी बेट परिषद सार्वजनिक सेवा म्हणून तिला अनुदान देते.

अंतर व प्रवासकाळ

वेळापत्रकात या प्रवासासाठी २ मिनिटे राखलेली असतात. त्यात धावपट्टीवर विमान चालवण्याचा वेळही धरलेला असतो. प्रत्यक्ष हवेतील काळ अनेकदा दीड मिनिटाहून अधिक नसतो. वारा अनुकूल असल्यास तो आणखी घटतो. वैमानिक स्टुअर्ट लिंकलेटर यांनी हे अंतर ५३ सेकंदांत कापले. त्या उड्डाणाचा सरासरी वेग ताशी सुमारे १८३ कि.मी. येतो. लिंकलेटर २०१३ साली निवृत्त झाले. तोपर्यंत त्यांनी या मार्गावर १२,०००हून अधिक उड्डाणे केली होती.

तुलनेसाठी, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाची मुख्य धावपट्टी सुमारे ३.४ कि.मी. लांब आहे. म्हणजेच या दोन विमानतळांमधील संपूर्ण अंतर त्या एका धावपट्टीपेक्षाही कमी भरते.

विमान

या मार्गावर ब्रिटन-नॉर्मन आयलँडर हे दोन पंख्यांचे लहान विमान वापरले जाते. त्यात साधारणतः आठ प्रवासी बसतात. एकच वैमानिक असल्यामुळे त्याच्या शेजारच्या आसनावरही प्रवासी बसू शकतो. आखूड धावपट्टीवरून उड्डाण करण्याची क्षमता हे या विमानाचे वैशिष्ट्य आहे. दोन्ही बेटांवरील धावपट्ट्या सुमारे अर्धा किलोमीटर लांबीच्या असल्याने ही क्षमता येथे अत्यावश्यक ठरते.

महत्त्व

दोन्ही बेटांदरम्यान पूल नाही. लहान प्रवासी बोटीने हे अंतर पार करण्यास सुमारे २५ मिनिटे लागतात. मात्र उत्तर अटलांटिकमधील वादळी हवामानात बोटसेवा खंडित होऊ शकते. दाट धुके वा जोराचा वारा असल्यास विमानेही रद्द होतात. २०११च्या जनगणनेनुसार पापा वेस्ट्रेची लोकसंख्या ९० होती. इतक्या लहान वस्तीसाठी प्रत्येक विषयाचा शिक्षक किंवा रुग्णालय बेटावरच ठेवणे शक्य नसते. त्यामुळे फिरते शिक्षक, डॉक्टर, कर्कवॉलच्या रुग्णालयात जाणारे रुग्ण आणि पुढील शिक्षण घेणारे विद्यार्थी या विमानसेवेवर अवलंबून असतात.

विक्रमी उड्डाणाचे आकर्षण असलेले पर्यटकही येथे येतात. इ.स.पू. ३७००च्या सुमारास बांधलेले नॅप ऑफ हॉवर हे नवाश्मयुगीन दगडी घर पापा वेस्ट्रेवरच आहे. उत्तर युरोपातील आजही उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या दगडी घरांमध्ये त्याची गणना होते.