वऱ्हाड पायनघाट : मालकी एकाची, वहिवाट दुसऱ्याची

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर आणि मधोमध पूर्णेचे काळ्याभोर मातीचे खोरे. यालाच जुन्या दप्तरात 'पायनघाट' म्हणत. सातपुड्याच्या पायथ्याचे आपले सोनाळा याच खोऱ्याच्या काठावर वसले आहे. एकोणिसाव्या शतकात हा मुलूख कोणाचा होता, या साध्या प्रश्नाला मात्र सरळ उत्तर नाही.

अठराव्या शतकात येथे दुअंमल होता. निजाम आणि नागपूरकर भोसले एकाच रयतेकडून वसूल घेत. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी शेजारच्या अडगावच्या मैदानावर आर्थर वेलस्लीने भोसले-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला व तो निजामाकडे गेला. गाविलगड, नरनाळा आणि त्यांखालचा काही प्रदेश तेवढा भोसल्यांकडे राहिला. १८२२ च्या तहाने तोही निजामाचा झाला.

पुढचा वाद तलवारीचा नसून हिशेबाचा आहे. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील 'कंटिंजंट' फौजेचा खर्च निजामाच्या माथी होता. थकबाकी वाढली आणि २१ मे १८५३ च्या तहाने त्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. इंग्रज म्हणत, हे वाजवी येणे आहे. हैदराबादचे म्हणणे असे की, शांततेच्या काळात ही फौज पोसण्याचे बंधन मूळ तहात नव्हतेच. मुलूख तारण दिला, विकला नाही. दिवाण सालारजंग यांनी तो परत मिळावा म्हणून दीर्घकाळ प्रयत्न केले. ते व्यर्थ गेले.

१८५३ च्या तहात इंग्रजांनी हिशेब द्यावा, असे कलम होते. १८६० च्या तहात सुमारे ५० लाखांचे कर्ज माफ झाले. परंतु त्याबरोबर निजामाने हिशेब मागण्याचा हक्कही सोडला. आयुष्यभर दुकानाची खतावणी लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला यातील मेख लगेच कळते. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात सालिना २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले. मालकी मात्र कागदोपत्री निजामाचीच राहिली.

या दोन वह्यांत रयतेचे खाते कोठे आहे? १८६१ पासून मोजणी होऊन शेतकऱ्याच्या नावे जमीन लागली, १८७० मध्ये खामगावास रेल्वे आली, कापसाला भाव आला. हे जमेस धरले पाहिजे. पण सारा रोखीने भरण्यासाठी तोच शेतकरी सावकाराच्या दारी गेला आणि १८९९-१९०० च्या छप्पन्नच्या दुष्काळात होरपळला. तो सावकार बहुधा आपल्याच व्यापारी वर्गातला होता, हेही प्रांजळपणे लिहिले पाहिजे.

निजाम व इंग्रज यांपैकी खरा कोण, याचा निवाडा इतिहासकार करोत. ज्या मातीच्या उत्पन्नावर हा दावा शतकभर चालला, ती कसणाऱ्यास कोणत्याही तहाच्या वेळी विचारले गेले नाही. ही बाकी आपल्या पिढीने निदान खात्यावर मांडून ठेवावी, एवढीच नम्र विनंती.