झोक्याला घाबरणारं मूल

झोक्यावर बसवताच रडणारं, सरकत्या जिन्यापाशी पाय रोवून उभं राहणारं, डोकं धुताना मान मागे नेली की किंचाळणारं मूल पूर्वी हट्टी नाहीतर भित्रं ठरायचं. या भीतीचं मूळ कानात असू शकतं, हे उमगायला, कानाचा तोलाशी संबंध दिसल्यावरही, जवळपास दीडशे वर्षं लागली.

१८२४ मध्ये फ्रान्सच्या पिएर फ्लुरांस यांनी कबुतरांच्या आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका कापून पाहिल्या. कबुतरांना ऐकू येत राहिलं, तोल मात्र सुटला. जी नलिका कापली, तिच्याच दिशेत ती गरगरू लागली. पुढे व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांनी कानात थंड किंवा गरम पाणी सोडलं की डोळ्यांची बुबुळं कशी हलतात, यावरून तोलाची परीक्षा करण्याची रीत बसवली. त्यासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. ती बातमी कळली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

बारानींचं काम चक्कर येणाऱ्या मोठ्या माणसांसाठी होतं. कान आणि तोल यांच्या नात्याचा विचार मुलांकडे नेला कॅलिफोर्नियातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी. १९७२ च्या त्यांच्या ग्रंथात शिकण्यातल्या अडचणी आणि संवेदनांची जुळणी यांचा संबंध मांडलेला आहे. पाय जमिनीवरून सुटले किंवा डोकं कललं की घाबरणाऱ्या मुलांच्या अवस्थेला त्यांनी ‘गुरुत्वाची असुरक्षितता’ म्हटलं. याच्या अगदी उलट, कितीही गरगर फिरलं तरी चक्कर न येणारी मुलंही त्यांनी नोंदली. दोन्ही प्रकारच्या मुलांसाठी उपचार म्हणजे खेळच होता: झोके, गोल पिंप, उतारावरून घसरणारी चाकांची फळी. खेळाचं सुकाणू मुलाच्याच हाती, हा त्यांचा आग्रह फार मोलाचा.

सगळ्यांना ते पटलं नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये बजावलं की ‘संवेदना-प्रक्रियेचा विकार’ असं अशा मुलांचं स्वतंत्र निदान करू नये. या उपचारांचे पुरावे तोकडे असल्याचंही तिने म्हटलं. ही सावधगिरी रास्तच आहे.

एअर्स यांच्या व्यवसायाशी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीशी, महाराष्ट्राचंही जुनं नातं आहे. भारतातलं तिचं पहिलं विद्यालय १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं, ते मूळच्या अमेरिकन कमला निंबकर यांच्या प्रयत्नांनी.

तेव्हा बागेत रडणाऱ्या मुलाला बळेच झोका देऊ नका. झोका खाली घ्या, पाय जमिनीला टेकू द्या, आणि भीती सरत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.