सेरामपूर मिशन

सेरामपूर मिशन (श्रीरामपूर मिशन) हे बंगालमध्ये हुगळी नदीच्या काठी, तत्कालीन डॅनिश वसाहतीत १८०० साली स्थापन झालेले बॅप्टिस्ट मिशनरी केंद्र होय. विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड हे त्याचे प्रवर्तक 'सेरामपूर त्रयी' म्हणून ओळखले जातात.

स्थापना

इंग्लंडमधील केटरिंग येथे १७९२ मध्ये बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. पुढील वर्षी कॅरी बंगालमध्ये आले. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात धर्मप्रसारास अनुकूल नसल्याने मिशनने डॅनिश आश्रय घेतला. २८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला. बंगाली 'नवा करार' १८०१ मध्ये प्रसिद्ध झाला.

मराठी मुद्रण

कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात बंगाली व संस्कृतसोबत मराठीही शिकवीत. वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी सिद्ध केलेले मराठी व्याकरण १८०५ मध्ये, तर मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये छापला गेला. व्याकरणातील मराठी मजकूर देवनागरीत, कोशातील शब्द मोडी लिपीत आहेत. पेशवाई अस्तित्वात असतानाच, महाराष्ट्रापासून दूर झालेले हे काम मराठी ग्रंथमुद्रणाचा आरंभीचा टप्पा मानले जाते.

आग व उत्तरकाळ

११ मार्च १८१२ रोजी छापखान्यास आग लागून कागद, खिळे व अनेक हस्तलिखिते नष्ट झाली. अक्षरांचे पोलादी ठसे वाचल्याने खिळे पुन्हा ओतता आले. १८१८ मध्ये सेरामपूर महाविद्यालय व 'समाचार दर्पण' हे बंगाली वृत्तपत्र सुरू झाले. कॅरी १८३४ मध्ये निवर्तले. महाविद्यालय आजही चालू आहे.