मावळचा पाऊस आणि मापाचें भांडें

पाऊस मोजण्याची कल्पना विलायतेंतून आगबोटीनें आली, अशी समजूत सुशिक्षितांतही आढळते. ती खरी नाहीं. कोठाराच्या आवारांत एक अरत्नि रुंद तोंडाचें कुंड पाऊस मोजण्यासाठीं ठेवावें, असें कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत स्पष्ट सांगितलें आहे. वराहमिहिरानेंही बृहत्संहितेंत हातभर रुंदीचें कुंड घेऊन आढक व द्रोण ह्या मापांनीं पाऊस सांगण्याची रीत दिली आहे. कौटिल्यानें तर देशपरत्वें आंकडे दिले आहेत : अश्मकांत साडेतेरा द्रोण, अवंतींत तेवीस, आणि अपरान्तांत अमित, म्हणजे ज्यास मापच नाहीं असा. अश्मक म्हणजे गोदाकांठचा दख्खन, आणि अपरान्त म्हणजे कोंकण. मापाचा देश आणि अमापाचा देश ह्यांच्या सीमेवर, सह्याद्रीच्या ऐन कडेला जो मुलूख बसला आहे, तो मावळ होय.

लोणावळ्यास वर्षाकांठीं सरासरीनें चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस साठ-पासष्ट किलोमीटरांवर असलेल्या पुण्यास सातशें-साडेसातशें. आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ ह्या तिन्ही खोऱ्यांतून घाटमाथ्याकडून तळेगांवाकडे येतांना कोसाकोसाला पाऊस उणावत जातो. घाटाकडे भाताचीं खाचरें तुडुंब भरलेलीं असतां तळेगांवापलीकडचा शेतकरी बाजरीच्या पेरणीसाठीं आभाळाकडे पाहत असतो. अशा मुलखांत 'मावळांत अमुक पाऊस झाला' ह्या वाक्यास फारसा अर्थ उरत नाहीं. कोणत्या गांवीं झाला, कोणत्या भांड्यांत मोजला, आणि तें भांडें कोठें ठेवलें होतें, हे प्रश्न ओघानेंच येतात.

दख्खनच्या हवामानाचीं पद्धतशीर टिपणें ठेवणाऱ्या आरंभींच्या मंडळींत कर्नल विल्यम सायक्स ह्यांचें नांव घ्यावें लागतें. मुंबई सरकारचे सांख्यिकी-अधिकारी म्हणून ते १८२४ पासून दख्खनभर हिंडले, आणि १८३५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांचा निबंध प्रसिद्ध केला. पुढें १८७५ सालीं भारतीय हवामानखातें स्थापन झालें. त्याचें मुख्य कार्यालय १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें, म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकास पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. खात्यानें देशभर रूढ केलेलें भांडें मात्र जॉर्ज सायमन्स ह्या इंग्रज गृहस्थाच्या नांवाचें आहे. १८६० सालीं सायमन्सनें घरोघर पाऊस मोजणाऱ्या हौशी लोकांची जूट बांधली. पाद्री, डॉक्टर, जमीनदार असे तीन हजारांहून अधिक लोक त्याच्या अखेरच्या काळांत त्याच्याकडे आंकडे धाडीत असत.

पण नुसतीं माणसें जमवून भागत नाहीं. सर्वांचें भांडें एका रीतीचें आणि एका रीतीनें ठेवलेलें असावें लागतें. ह्याची एक मोठी नामी हकीकत आहे. १७६६-६७ सालीं हेबर्डन नांवाच्या वैद्यानें लंडनमध्यें तीन भांडीं ठेविलीं : एक घराच्या बागेंत जमिनीलगत, दुसरें त्याच घराच्या धुराड्यावर, आणि तिसरें वेस्टमिन्स्टर ॲबीच्या छपरावर. वर्षअखेर बागेंतल्या भांड्यांत २२.६ इंच, धुराड्यावरच्यांत १८.१ आणि ॲबीवरच्यांत अवघे १२.१ इंच पाणी भरलें. पाऊस तोच, आकाश तेंच, आणि आंकडा जवळजवळ निम्मा! थेंब खालीं येतां येतां वाढतो, असा तर्क कित्येकांनीं लढविला. पुढें अर्थशास्त्रज्ञ म्हणून ज्याचें नांव झालें त्या जेव्हन्सनें १८६१ सालीं खरें कारण दाखविलें. वारा भांड्यावर आदळून कडेवरून उसळतो आणि थेंबांस तोंडापलीकडे उडवून नेतो. जितकी उंची अधिक, तितका वारा अधिक, आणि तितकी तूटही अधिक. त्याच दशकांत कर्नल वॉर्ड ह्यांनीं काल्न येथें लहानमोठ्या तोंडाचीं भांडीं शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलें, तों तोंडाच्या रुंदीनें फारसा फरक पडत नाहीं असें दिसलें. जागा चुकली तर मात्र उत्तम भांडेंही खोटें बोलतें.

लोणावळें-खंडाळ्याच्या बंगल्यांत हौसेनें पर्जन्यमापक बसविणारे लोक तो बहुधा गच्चीवर ठेवतात. घाटाच्या तोंडाशीं, जेथें पाऊस उभा न पडतां आडवा धांवतो, तेथें ह्याहून वाईट जागा सांपडणें कठीण. आपल्याकडे कड जमिनीपासून तीस सेंटिमीटर उंच, आणि भिंत वा झाड त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, असा दंडक आहे तो ह्याचसाठीं.

मावळांत ह्या आंकड्यांवर पैसा आणि जमीन दोन्ही लागलीं होतीं. ८ फेब्रुवारी १९११ रोजीं लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत्-योजनेची कोनशिला बसली, आणि १९१५ सालीं खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली. चार महिन्यांचा पाऊस लोणावळें, वळवण व शिरवटा ह्या तलावांत सांठवून बारा महिने पुरवावयाचा, म्हणजे तलावाची बेरीज पावसाच्या मापावर आली. पाऊस इंचांनीं मोजला जात होता; बुडणारी जमीन गांवांनीं. शेजारच्या मुळशीस १९२१ सालीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह झाला तो ह्या दुसऱ्या मापासाठीं.

घरगुती मापनांत लोणावळ्याची अडचण भांडें लहान पडण्याची आहे. पांच इंची तोंडांत एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारें १२.७ मिलिलिटर पाणी. दोनशें मिलिमीटर पडला कीं अडीच लिटर. साध्या बाटलीचें पाणी उतूं जाऊन बाहेरच्या डब्यांत सांचतें, आणि तें मोजावयाचें राहून जातें. काचेचें मापपात्र पंचवीस मिलिमीटरांचें; तें आठ वेळां भरतांना एक खेप गणतींतून निसटली तर पंचवीस मिलिमीटरांची चूक झाली. वेळेचाही घोळ आहे. खातें सकाळीं साडेआठास मोजतें आणि मागील चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या नांवें मांडतें. घरचें यंत्र मध्यरात्रीस दिवस बदलतें. मग एकाच पावसाच्या दोन तारखा होतात.

भरतांच उलटणाऱ्या कपाचें यंत्र क्रिस्टोफर रेन ह्यानें १६६२ सालींच योजिलें होतें. आजच्या स्वयंचलित केंद्रांत बहुधा त्याच तत्त्वाचें यंत्र असतें. मुसळधारेंत कप उलटत असतां पडणारें पाणी गणतींत येत नाहीं, म्हणून जेथें पाऊस जोराचा तेथें हें यंत्र कमी सांगतें. तें साध्या भांड्याशेजारीं एक पावसाळाभर ठेवून ताडून पाहणें हाच उपाय. दूरच्या केंद्राशीं ताडून कांहीं कळत नाहीं : २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्यास ७३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि दोन्ही वेधशाळा खऱ्या होत्या.

महाराष्ट्र सरकारनें २०१७ पासून 'महावेध' योजनेखालीं महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रें उभारलीं. त्यांची संख्या दोन हजारांवर गेली. मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांची मर्यादा ओलांडली म्हणजे अतिवृष्टि धरली जाते, आणि पिकाच्या नुकसानीचा विचार होतांना तो आंकडा पुढें येतो. मंडळांत गांवें अनेक असतात आणि केंद्र एखादेंच. त्या मर्यादेच्या अलीकडचा आणि पलीकडचा एक मिलिमीटर म्हणजे पांच इंची भांड्यांत अडीच चमचे पाणी.