आगगाडी, बाष्पक आणि काचेतले पाणी

२६ मे २०१६ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट झाला, १२ माणसे दगावली, आणि त्या दिवशीच्या बातम्यांत सर्वत्र एकच शब्दप्रयोग फिरला : 'बॉयलरचा स्फोट'. पुढच्या सत्रात आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांतही तो जसाच्या तसा उतरला. आम्ही मराठीचे अध्यापक. आम्ही ऱ्हस्वदीर्घ तपासले, त्यापलीकडे काही तपासले नाही. अंबरनाथहून येणारी एक विद्यार्थिनी मात्र तास संपल्यावर थांबली. तिच्या वडिलांची सगळी नोकरी बॉयलरवर गेली होती. ती म्हणाली, 'बॉयलर फुटला असं लिहिलं की बॉयलरवरच्या माणसाचं चुकलं, एवढाच अर्थ निघतो.' यथावकाश चौकशी समितीचा अहवाल बाहेर आला. त्यात प्रोपार्जिल क्लोराईड या स्फोटक रसायनाचे नाव होते. २३ मे २०२४ रोजी त्याच वसाहतीत दुसऱ्या एका कारखान्यात स्फोट झाला. याही वेळी आरंभी बॉयलरचेच नाव घेतले गेले आणि मग स्फोट रिअ‍ॅक्टरचा असल्याचे पुढे आले. रिअ‍ॅक्टर म्हणजे रसायनांची अभिक्रिया घडवण्याचे पात्र. बॉयलरशी त्याचे नाते असलेच तर एवढेच की त्याला लागणारी ऊब पुष्कळदा बॉयलरच्या वाफेतून येते.

आमच्या परिसराला चुकीच्या नावांची सवय जुनी आहे. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे, शिलाहार राजा मामवाणीच्या काळातले. पण आजही त्याला सर्रास हेमाडपंती म्हटले जाते. हेमाद्री झाला तेराव्या शतकात! मंदिराच्या बाबतीत अशा चुकीने कोणाचे काही बिघडत नाही. कारखान्याच्या बाबतीत बिघडते.

बॉयलर या भागात प्रथम आला तो चाकांवर बसून. मुंबई-ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३ ची, १८५४ साली ती कल्याणला पोचली, आणि १२ मे १८५६ रोजी कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत गाडी सुरू झाली. ती अंबरनाथ-बदलापूरच्या शिवारांतूनच धावत गेली. इंजिन म्हणजे तरी काय, आडवा पाडलेला एक बॉयलर. एका टोकाला अग्निपेटी, तिच्यातला तप्त धूर पाण्यातून जाणाऱ्या नळ्यांमधून वाहत पुढे धुराड्याकडे जातो, आणि नळ्यांभोवतीचे पाणी उकळते. मराठी माणसाने या यंत्राला 'आगगाडी' म्हटले, तसेच समुद्रावरच्या त्याच्या भावंडाला 'आगबोट'. डोळ्यांना दिसली ती आग. खरी वाफ तर दिसतच नाही. किटलीच्या तोटीपाशी जो मोकळा, पारदर्शक पट्टा असतो ती वाफ, आणि पुढचा पांढरा ढग म्हणजे थंड होऊन पुन्हा पाण्याचे कण झालेली वाफ. तेव्हा भाषेने जे पाहिले तेच सांगितले, असे म्हणावे लागेल. पुढे शासनाच्या परिभाषेने 'बाष्पक' हा शब्द घडवला आणि 'बाष्पके संचालनालय' नावाचे कार्यालयही आहे. शब्द शुद्ध आहे, अर्थवाही आहे, पण कारखान्यात तो उच्चारणारा माणूस आम्हांला अद्याप भेटलेला नाही.

गिरण्यांच्या साहित्याची गोष्ट याहून विचित्र आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. योगायोग असा की त्याच १८५४ साली मँचेस्टरमध्ये बॉयलरचे स्फोट टाळण्यासाठी गिरणीमालक व अभियंते यांनी एक संस्था स्थापन केली. तिथे स्फोटांचा अनुभव गाठीशी जमा झाला होता, इथे गिरणीचा आरंभच होत होता. पुढे मुंबईच्या गिरण्यांतून लँकेशायर बॉयलर नांदू लागले : विटांच्या बैठकीत बसवलेले लांबलचक पोलादी नळकांडे, आणि त्याच्या पोटातून आरपार गेलेले अग्नीचे दोन मोठे बोगदे. सगळी गिरणी या नळकांड्यावर चालत असे. पण मामा वरेरकरांनी कामगारांच्या जगावर कादंबरी लिहिली तेव्हा शीर्षकात धोटा आला, 'धावता धोटा'. त्यानंतरच्या कथा-कवितांतही माग आला, चाळ आली, भोंगा आला, संप आला. भोंगा वाजे तो वाफेवर, ती वाफ जिथून येई ती बॉयलरची खोली मात्र बहुधा पानाबाहेरच राहिली. कारण साधे असावे. मागावर शेकडो माणसे असत, बॉयलरवर पाळीला मोजकी. साहित्य गर्दीच्या मागे जाते, हा दोष म्हणावा की स्वभाव, यावर आमच्यातच मतभेद आहेत.

आमच्या तीन गावांचा औद्योगिक इतिहास वाफेच्या अंगाने कोणी लिहिलेला आमच्या पाहण्यात नाही. अंबरनाथला वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीची आगपेट्यांची फॅक्टरी आली. कंपनी १९२३ ची, आणि 'विम्को नाका' हे नाव तिच्यामुळेच. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीचा गंधकाम्लाचा कारखानाही तिथलाच. उल्हासनगर म्हणजे मुळात दुसऱ्या महायुद्धातला कल्याण कँप. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथे बराकी मिळाल्या आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्याचे उल्हासनगर झाले. शेजारी शहाडला १९५६ साली सेंच्युरी रेयॉन सुरू झाली. रेयॉनचा धागा लगद्यापासून निघतो. तो लगदा दाहक सोड्यात भिजतो, कार्बन डायसल्फाइडशी मिसळतो, आम्लाच्या कुंडात सूत होऊन बाहेर पडतो, धुतला जातो, वाळतो. यांतल्या कुंड तापवण्यापासून सूत वाळवण्यापर्यंतच्या कामांना वाफ हवी. बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आले, त्यांचीही गोष्ट तीच.

पण उल्हासनगरचा खरा नमुना मोठ्या चिमणीचा नव्हे, पत्र्याच्या शेडचा. जीन्स धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यांना गरम पाणी आणि वाफ लागे, जागा मात्र एका गाळ्याएवढी. तिथे उभा छोटा बॉयलर बसे. धंद्यात त्याला 'बेबी बॉयलर' म्हणतात. पुढे वालधुनी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आणि यांतले अनेक कारखाने बंद झाले. या धंद्यात आणखी एक शब्द कानी पडतो, 'नॉन-आयबीआर'. त्याचा उगम कायद्याच्या व्याख्येत आहे. १९२३ च्या कायद्याने पाच गॅलनपेक्षा, म्हणजे पुढच्या हिशेबात २२.७५ लिटरपेक्षा, अधिक मावेल अशा बंद पात्रालाच बॉयलर मानले. (२००७ च्या दुरुस्तीत ही मर्यादा २५ लिटर झाली.) मग नळीचे वेटोळे करून पाणी या मर्यादेच्या आत ठेवणारी यंत्रे निघाली. ती वाफ देतात, पण कायद्याच्या लेखी बॉयलर नव्हेत. व्याख्येतून वस्तू जन्माला येते याचे याहून चांगले उदाहरण भाषाशास्त्राच्या तासाला आम्हांला देता आलेले नाही.

आता त्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी आम्हांला जे शिकवले ते सांगितले पाहिजे. आम्ही त्यांना विचारले, की बॉयलरवर सर्वांत महत्त्वाचे काय? आमची अपेक्षा होती, ते आग म्हणतील. ते म्हणाले, 'काच.' बॉयलरच्या तोंडाशी एक उभी काचनळी असते. आतल्या पाण्याची पातळी तिच्यात दिसते. पातळी खाली गेली की ज्वाळांवरच्या नळ्या उघड्या पडतात. पाण्याने शोषून घ्यावी ती उष्णता पोलादातच साठते, पोलाद लाल होऊन मऊ पडते आणि आतल्या दाबाखाली फाटते. म्हणून काचेत पाणी दिसेनासे झाले तर पाणी सोडायचे नाही, आधी आग बंद करायची. नवख्या माणसाचा हात नेमका उलट, पंपाच्या बटणाकडे जातो; आणि लाल झालेल्या पोलादावर पाणी पडले की एकदम वाफ होते. पूर्वीच्या कोळशाच्या बॉयलरमध्ये या प्रसंगासाठी मऊ धातूची एक गुडदी बसवलेली असे. पाणी उतरले की ती वितळून वाफ आगीवर सोडी. काचही फसवते बरे का! तिच्या वाटा गाळाने तुंबल्या तर आत पाणी नसताना काचेत पातळी दिसत राहते. म्हणून दर पाळीला कॉक उघडून काच 'मारून' घ्यायची, पाणी झटकन परत येते की रेंगाळत येते ते बघायचे.

स्फोट इतका भयंकर का, याचेही उत्तर पाण्यातच आहे. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते, पण दर चौरस सेंटिमीटरला १० किलो दाबाखाली ते सुमारे १८४ अंशांपर्यंत द्रवच राहते. पात्र फाटले की दाब एकदम नाहीसा होतो आणि त्या पाण्याचा जवळपास सहावा हिस्सा क्षणात वाफ होतो. पाण्याची वाफ होताना आकारमान सोळाशेपटीहून अधिक वाढते. पाच हजार लिटर पाण्याचा बॉयलर असेल तर तेराशे घनमीटर वाफ कुठे मावणार? म्हणूनच सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग आवळून ठेवणे हा त्या खोलीतला सर्वांत मोठा अपराध.

आगीची बाजू वेगळी आणि तिच्याबद्दल गैरसमज अधिक. धुराड्यातून काळा धूर निघाला की हवा कमी पडते आहे, इंधन अर्धवट जळते आहे. हवा गरजेहून जास्त सोडली तर तीच उष्णता घेऊन चिमणीवाटे निघून जाते. तेलावर किंवा गॅसवर चालणाऱ्या बॉयलरमध्ये ज्योत विझली तर ताबडतोब पुन्हा काडी लावायची नाही. पंखा चालवून भट्टीतला साचलेला वायू आधी बाहेर काढायचा, नाहीतर स्फोट भट्टीतच होतो. १ नोव्हेंबर २०१७ ला उत्तर प्रदेशातील उंचाहारच्या वीजकेंद्रात ४० हून अधिक माणसे गेली. ती दुर्घटना भट्टीच्या बाजूची होती. साचलेल्या राखेने भट्टीतला दाब वाढला.

कायदे नेहमी प्रेतांच्या मागून आले, हे इथेही खरे आहे. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून काही जण ठार झाले आणि १८६४ मध्ये बंगालने तपासणीचा कायदा केला. मग प्रत्येक प्रांताचा निराळा नियम. १९२०-२१ ची समिती बसली, १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा झाला, १ जानेवारी १९२४ पासून तो अमलात आला. १९५० ची नियमावली त्याच्याच पोटातली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉकटन गावी २० मार्च १९०५ रोजी पादत्राणांच्या कारखान्यातला बॉयलर फुटून ५८ जण गेले, तेव्हा कुठे १९०७ साली त्या राज्याने नियम केले. आपला १९२३ चा कायदा शंभरी ओलांडून गेला. १ मे २०२५ पासून त्याच्या जागी नवा बॉयलर कायदा आला आहे. त्यात काही किरकोळ गुन्ह्यांची फौजदारी शिक्षा काढून दंड ठेवला आहे. धंद्याला ते सोयीचे असेल. पण नोंदणीकृत बॉयलरची वेळोवेळी तपासणी आणि त्यावर प्रमाणपत्रधारक अटेंडंट, या दोन गोष्टी कागदावर किती आणि खोलीत किती राहतात यावरच आमच्या परिसरातल्या पाळ्या सुखरूप घरी येणार आहेत.

त्या वडिलांपाशी त्यांची एक वही होती. दर तासाला वाफेचा दाब, पाण्याची पातळी, चिमणीचे तापमान, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेरे मराठीत, बहुतेक एकेका शब्दाचे : 'काच मारली', 'पंप गरम', 'राख काढली', 'पाऊस, कोळसा ओला'. आम्ही अशा वह्या गोळा करायचे ठरवले आणि उल्हासनगरातल्या बंद पडलेल्या एका कारखान्यात गेलो. बॉयलर भंगारात कापून नेला होता. वह्यांचे विचारले तेव्हा राखणदार म्हणाला, त्या आधीच रद्दीत गेल्या, किलोवर. आमच्याकडे आज एकच वही आहे, तिचीही पहिली दहा पाने तेलाने चिकटलेली.